सत्तेचाळिसावा रकाना

६ जानेवारी, सोमवार

त्या दिवशी सकाळी मी गोठा झाडला, शेणाची पाटी उकिरड्यावर टाकली, हात धुऊन पिठाचा डबा काढला. ज्वारी जरा जाड दळून आली होती म्हणून पाणी जास्त गरम घेतलं. तीन भाकरी झाल्या, चौथी थापत होते, तेवढ्यात दीपकनी दारातून विचारलं की शर्टाचं बटण आजच तुटायचं होतं का. मी उभ्याउभ्याच बटण लावलं आणि दोरा दातानं तोडला. मग ते मोटारसायकलवरून ड्यूटीला गेले, मी भांडी घासायला बसले. एवढंच. दोन वर्षं मी त्या सकाळीत काही वेगळं सापडतं का ते शोधते आहे. सापडत नाही.

डाळजहून एसटीनं बारामतीला येताना हेच आठवत होतं. पण आजचा दिवस चांगला गेला, म्हणून ही वही सुरू केली. यजमानांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. वहीत लिहायला हरकत नाही.

दीपक रेल्वेच्या विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होते. त्याच ठेकेदाराच्या बारामतीच्या ऑफिसात मला नोकरी लागली आहे. लावून दिली ती दादासो भावजींनी. ते दीपकचे धाकटे चुलतभाऊ आणि या ऑफिसचे साहेब. मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं वाचून वाचून. दीपक भिगवणहून रद्दीतली पुस्तकं किलोवर आणायचे. भावजींनी सगळ्यांना पेढे वाटले आणि म्हणाले, "ह्या आमच्या वैनी. दुकानातल्या पुडीचा कागद बी वाचल्याबिगर टाकत न्हाईत. आता गाड्यांचं वाचतील."

सगळे हसले, मीही हसले. मला खिडकीजवळची खुर्ची दिली आहे. खिडकीतून फलाट, तारा आणि खांबांची रांग दिसते. तिसरा खांब तो आहे, हे मला माहीत आहे. भावजींनी विचारलं की खुर्ची बदलून देऊ का. मी नको म्हटलं.

स्टेशनजवळच्या एका वाड्यात दोन खणांची खोली घेतली आहे. लेक स्वप्नाली दौंडला नर्सिंग शिकते, तिला शटल गाडी जवळ पडेल. आल्या आल्या तिनं खोलीतल्या मांडणीला निळा रंग द्यायचं ठरवूनही टाकलं.

९ जानेवारी, गुरुवार

काम समजलं. वाटलं होतं तेवढं अवघड नाही.

बारामती–दौंड शटलनं रोज पासवाले जातात. कोणी नोकरीला, कोणी कॉलेजला, कोणी दौंडला गाडी बदलून पुण्याला. या गाड्यांना उद्या किती वीज लागेल ते आज लिहून पाठवायचं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केलेले असतात. असे शहाण्णव रकाने. प्रत्येकात युनिट भरायचे आणि सकाळी दहाच्या आत पाठवायचे. मग मीटरवरचे खरे आकडे येतात. लिहिलेलं आणि लागलेलं यात फार फरक पडला की वरून विचारणा होते.

पाव्हणे किती येणार हे कुणी न सांगता किती पीठ मळायचं हे जिला कळतं, तिला हे काम कळेल. गुरुवारी बारामतीचा बाजार, गाडी भरलेली, उचलायला वीज जास्त. थंडीत पंखे बंद, तेवढी कमी. गाडी सुटताना जास्त खाते, एकदा पळायला लागली की कमी. मी हे सगळं एका कागदावर लिहून टेबलाला चिकटवलं.

एक गोष्ट कळली नाही. अकरा ते एक या वेळात शटल नाही, ते रकाने जवळजवळ रिकामे असतात. पण सत्तेचाळिसाव्यात, म्हणजे साडेअकरा ते पावणेबारा, एकशेसाठ युनिट लिहायचे अशी सूचना आहे. मी विचारलं. भावजी म्हणाले, "ते ठरल्यालं हाय वैनी. तारंत जाती थोडी वाया. तेवढं डोळं झाकून लिवायचं."

चहावाल्या प्रयागबाई तिथंच कप गोळा करत होत्या. त्यांनी एक कप पुसलेलाच परत पुसला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वाड्यातल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. मला कुणी बोलावलं नाही आणि मी वाट पाहिली नाही. ऑफिसात प्रयागबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला.

मी आठवडाभराचे लिहिलेले आणि लागलेले आकडे शेजारी शेजारी मांडले. माझा हात बसत चालला आहे, भावजींनी फोनवर वरिष्ठांना तसं सांगितलंही. कुठं सात युनिटांचा फरक, कुठं अकराचा, कुठं तीनचा. फक्त सत्तेचाळिसाव्यात फरक नाही. एकशेसाठ लिहिले, एकशेसाठच गेले. रोज.

वाया जाणारी वीज अशी मापून जात नाही. सांडलेलं दूध रोज बरोब्बर पाव लिटर भरत नाही.

जुन्या फायली काढल्या. हा आकडा दोन वर्षांपूर्वी चाळीस होता, मग ऐंशी, मग एकशेवीस. त्याच्याआधी त्या रकान्यात कधीच काही नव्हतं. मीटरवरची पहिली नोंद २० नोव्हेंबरची आहे.

दीपक १९ नोव्हेंबरला गेले. पावणेबाराच्या सुमाराला, त्या तिसऱ्या खांबावर.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रयागबाईंना मागच्या जिन्यात गाठून विचारलं. त्या आधी म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं, मी चहा देती." मग त्या पायरीवर बसल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. दीपक गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बरोबर त्याच वेळेला मीटर पळायला लागलं. गाडी नाही, काही नाही, आणि वीज जाते आहे. साहेब लोकांनी तारा तपासल्या, यंत्रं तपासली. एका पोराचा हात भाजला. मग भावजींनीच तोड काढली. आपण जेवायच्या आधी घास काढून ठेवतो, तसा त्या वेळेचा घास आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. लिहायला लागल्यावर तेवढीच वीज जायची, कुणाला भाजलं नाही. पण घास वाढत गेला, आणि लिहिणारं माणूस टिकेना. तीन जण सोडून गेले.

"मग साहेब म्हनलं, घरच्या हातचा घास गोड लागंल त्येला," प्रयागबाई म्हणाल्या. "तुमास्नी सांगितलं न्हाय व्हय कुणी?"

नाही सांगितलं. पेढे वाटले तेव्हाही नाही.

खरं लिहायचं तर मला राग आला नाही. मी साडेअकराला खिडकीशी उभी राहिले. ऊन लख्ख होतं, फलाटावर एक कुत्रं झोपलं होतं. दूरच्या खांबाकडून तारेवर एक ठिणगी निघाली. गाडीखेरीज तारेवर ठिणगी येत नाही. ती माणसाच्या चालीनं आली, एकेक खांब ओलांडत, आणि तिसऱ्या खांबाशी थांबली. कुत्रं उठून गेलं. तार खाली झुकली होती, दोन हातांनी कुणी धरून लोंबकळावं तशी.

पावणेबाराला तार सरळ झाली.

१८ जानेवारी, शनिवार

काल मनानंच आजचा आकडा बदलून पाहिला. आजसाठी एकशेपासष्ट लिहिले होते, एकशेपासष्ट गेले. उद्यासाठी एकशेबहात्तर लिहिले आहेत.

दोन वर्षांनी त्यांना वाढते आहे. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते, आज मला सुख वाटलं. घरी येऊन मी तीन माणसांचं पीठ मळलं. स्वप्नाली म्हणाली, "आई, तुझा हिशोब चुकतोय, ऑफिसात पण अशीच मळतीस का?" बऱ्याच दिवसांनी दोघी हसलो.

२१ जानेवारी, मंगळवार

वाचायची सवय वाईट. मी १९ नोव्हेंबरचा कागद शोधला.

फायलीतल्या कागदात सत्तेचाळिसाव्या रकान्यात शून्य आहे. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत तार बंद. पण आदल्या दिवशी प्रत्यक्षात पाठवलेला कागद संगणकात वेगळा निघाला. त्यात एकशेसाठ आहेत, शेजारी शेरा, रिकामी गाडी चालवून बघणे. शून्याचा कागद १९ तारखेला दुपारी बारा पंचवीसला तयार झाला आहे. दीपक जाऊन चाळीस मिनिटं झाल्यावर.

इथली रीत आता मला माहीत आहे. कुणाला तारेवर चढायचं असेल तर आदल्या दिवशी आमच्या ऑफिसातून त्या वेळेचं शून्य जातं आणि बंदचा कागद निघतो. तो कागद हातात पडल्याशिवाय चढायचं नाही. बाकीचे कागद घ्यायचे. दीपक आणि भावजी चुलतभाऊ, एका ताटात जेवलेले. त्यांच्यात कागद कधी आला नाही. कागद मागायचा म्हणजे भावावर अविश्वास. भावजी फोन करायचे, चढ, बंद हाय. दीपक चढायचे.

आणखी एक कागद त्याच फायलीत आहे. तेराव्याच्या दिवशी भावजींनी माझ्यापुढं धरलेला. पेन्शनीचा आहे म्हणाले होते. माझे पती कोणालाही न विचारता स्वतःच्या चुकीने खांबावर चढले, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली माझी सही. संजीवनी दीपक, ठसठशीत अक्षरात.

आयुष्यात मी न वाचता सही केली असा तो एकच कागद.

२२ जानेवारी, बुधवार

भावजींपुढं दोन्ही कागद ठेवले.

ते दार लावून रडले. म्हणाले की आदल्या संध्याकाळी अचानक रिकाम्या गाडीचा हुकूम आला, शून्याच्या जागी आकडा भरला आणि दीपकला उलटा फोन करायचं राहून गेलं. "इसारलो वैनी. शपत घिऊन सांगतो, निस्तं इसारलो." चुकीबद्दल मी काही बोलले नाही. चूक माणसाकडून होते. मी एवढंच विचारलं की सही का घेतली.

म्हणाले, माझी दोन लेकरं हायती.

माझंही एक होतं त्या दिवशी, पाटावर बसलेलं, हे त्यांना आठवलं नाही.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, जे गावात सगळ्यांना आनंदाचं आहे. एक फेब्रुवारीपासून साडेअकराची नवी शटल सुरू होते आहे. पासवाल्यांची जुनी मागणी होती. म्हणजे त्या पंधरा मिनिटांत आता तारेखाली गाडी असेल, भरलेली. घास वेगळा काढून ठेवायला जागाच नाही. घास कुठला आणि गाडी कुठली, हे दीपकला कसं कळणार, असं भावजीच म्हणाले.

मी म्हटलं, खरं काय घडलं ते वर लिहून द्या, आणि गाडीची वेळ पुढं ढकला. त्यांनी माझ्या पायाला हात लावला. दोन दिवसांत देतो म्हणाले.

मी पुन्हा विश्वास ठेवला. दुसरा दीर मला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

एकशेऐंशी लिहिले होते. दोनशेचाळीस गेले.

पहिल्यांदा फरक पडला. साठ युनिटांचा.

आज दहाचा कागद पाठवून दुपारपर्यंत सुट्टी घेऊन खोलीवर होते. साडेअकराला बटण बंद असताना दिवा लागला. पिवळा नाही, निळसर. स्वप्नाली नळाखाली हात धूत होती, ओरडली आणि मागं पडली. तळहातावर लाल पट्टा उठला आहे, तार धरल्यासारखा. तिला बाप चौदा-पंधरा दिवसांनी एकदा रागवायचा, तोही हसत. तो तिच्यावर हात —

तिला ओळखत नाही? की ओळखून आला?

मी दहा दिवस कुणाला वाढत होते?

२९ जानेवारी, बुधवार

दोनशे. गेले तीनशेदहा.

शून्य पाठवण्याइतकं धाडस होत नाही. प्रयागबाईंनी सांगितलेल्या पोराचा हात भाजला तो नुसत्या चाळीसवर. आता तीनशे आहे.

ठिणगी आज तिसऱ्या खांबाशी थांबली नाही. फलाटापर्यंत आली. जिथं गाडीचा पहिला डबा उभा राहतो तिथं — थांबून राहिली. वाट बघत.

३० जानेवारी, गुरुवार

भावजींनी काही लिहून दिलेलं नाही.

उलट वर माझ्याविरुद्ध लिहिलं आहे. नवीन बाईच्या अज्ञानामुळे आकड्यांत फरक पडतो आहे. आज मी छापायच्या कागदांत ते वाचलं. मी वाचते हे त्यांना माहीत आहे तरी तिथं ठेवलं. आता लपवायची गरज वाटत नाही.

संध्याकाळी स्वप्नाली नाचत आली. दादाकाकांनी तिला पहिल्या गाडीत बसायला बोलावलं आहे. पहिला डबा, खिडकीची जागा, हार, फोटो. तारेवर जीव दिलेल्या माणसाची लेक म्हणून. तिच्यासाठी साडी पाठवली आहे, मोरपिशी.

मी भावजींना फोन केला. ते आधी हाराचं, फोटोचं बोलले. मग म्हणाले, "वैनी, त्येला घरचंच मानूस पायजे. येकदा मिळालं की गप हुईल. डब्यात तीनशे मानसं असत्यात, त्यांचा बी इचार करा."

शांतपणे म्हणाले. आकडा सांगावा तसे.

३१ जानेवारी, शुक्रवार

नऊ चाळीस. उद्याचा कागद समोर आहे.

सत्तेचाळिसाव्यात शून्य लिहिलं. बंदचा कागद काढला. कारणात लिहिलं, तारेची तपासणी. दोन्ही पाठवले. ते मागे घ्यायचे तर माझ्याच सहीनं, आणि त्या वेळेच्या एक तास आधी.

तार बंद म्हणजे गाडी सुटणार नाही. माणसं चिडतील. चिडू देत.

स्वप्नालीला उद्या पहाटेच्या एसटीनं डाळजला आजीकडं पाठवते आहे. खूप रडली. साडी पिशवीत घालून घेतली. म्हणाली, "तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही." म्हणू दे.

१ फेब्रुवारी, शनिवार

डाव्या हातानं लिहिते आहे, उजवा भाजला आहे. अक्षर —

दहाला सासूबाईंचा फोन. पोर पोचली नाही.

स्टँडवरच उतरली होती. दादाकाकांनी गाडी पाठवली. पहिल्या डब्यात बसली आहे, मोरपिशी साडी, खिडकीतून मला हात करते आहे —

गाडी उभी. वीज नाही. लोक ओरडत होते. भावजी धावत वर आले, वैनी शून्य काढा, सही करा. मी म्हटलं तास उलटून गेला. म्हटलं पोरीला उतरवा. दारं उघडेनात. कुणालाच उघडेनात.

अकरा एकतीस. बंद तारेखालच्या गाडीत दिवे लागले. पहिल्या डब्यात फक्त. निळसर.

स्वप्नाली हात करायची थांबली.

ठिणगी पलीकडून निघाली होती. भर उन्हात. तार बंद होती, कागद माझ्या हातात होता. दुसरा खांब. तिसरा —

मी भावजींचं मनगट धरलं. जिन्यावरून खाली, रुळांतून, फलाटाच्या टोकाच्या खांबाशी. ते म्हणत होते, वैनी सांगतो, समद्यांम्होरं सांगतो. मी म्हटलं मला नको, त्यांना सांगा. त्यांनी सांगितलं. मोठ्यानं. मी इसारलो, सही मी घेतली, पोरीला मी बसवलं.

ठिणगी आमच्या डोक्यावर आली. थांबली. भावजींनी विचारलं, संपलं का —

डब्यातले दिवे तसेच होते. काच धरून स्वप्नाली.

मग मी त्यांचा तळहात खांबावर ठेवला. माझ्या हातानं दाबून धरला. सोडला नाही. वर बघून मी म्हणाले, घरचं माणूस आहे, घ्या, आणि पोरीला सोडा —